झिजणारा कोळसा

स्थिर दिव्यास वीज पोहोंचविणें अवघड नाहीं; तार आणून जोडली कीं काम झालें. परंतु ज्या भागास वीज द्यावयाची तोच भाग मिनिटास हजारों फेरे घेत असेल तर त्यास तार जोडावी कशी? जोडलीच तर ती पहिल्या दहापांच फेऱ्यांत पिळवटून तुटून जाईल. म्हणून फिरत्या भागाच्या अंगास एक स्थिर तुकडा नुसता टेंकवून ठेवावयाचा, त्यानें घासत राहावयाचें, आणि त्या घासणाऱ्या जागींच विजेनें एकांतून दुसऱ्यांत उतरावयाचें, अशी योजना करावी लागते. हा टेंकवावयाचा तुकडा कोणत्या पदार्थाचा असावा, एवढाच आजच्या लेखाचा विषय आहे. विषय दिसण्यांत लहान आहे. पण या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर सांपडण्यास पन्नासांहून अधिक वर्षें लागलीं, आणि तें उत्तर बरोबर कां ठरतें हें नीट समजण्यास त्यापुढें आणखी सुमारें साठ वर्षें गेलीं.

या विषयाकडे आम्हांस वळविलें तें एका वाचकभगिनीच्या पत्रानें. त्यांच्या घरचा वाटणाचा मिक्सर चालू असतां खालच्या फटींतून निळसर ठिणग्या दिसतात, जळकट वास येतो, आणि मधूनच यंत्र बंद पडून एक थाप मारल्यावर पुन्हां सुरू होतें. दुरुस्ती करणाऱ्यानें ‘आतां नवाच घ्या’ असा सल्ला दिला. यंत्र खरोखरीच टाकून द्यावें काय, असें त्या विचारतात. त्याचें उत्तर आम्ही देणारच आहों. परंतु नुसतें ‘होय’ किंवा ‘नाहीं’ म्हणण्यापेक्षां त्या ठिणगीचें कुळ सांगून मग उत्तर दिलेलें बरें.

इ. स. १८३१ मध्यें इंग्लंडांत मायकेल फॅरडे यानें तांब्याची एक चकती मोठ्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्यें फिरवून वीज उत्पन्न केली. फिरत्या चकतीवरून वीज उतरवून घेण्यासाठीं त्यानें धातूची पट्टी तिच्या कडेस टेंकवून धरली, आणि स्पर्श चांगला व्हावा म्हणून कडेस पारा चोळला. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८३२ सालीं, पॅरिस येथें इपोलित पिक्सी यानें हातानें फिरवावयाचें विद्युद्यंत्र केलें. त्यांतील विजेची दिशा दर अर्ध्या फेऱ्यास उलटत असे. ती एकाच दिशेनें वाहावी म्हणून आंपेर याच्या सूचनेवरून दिशा पालटणारा एक भाग त्यास जोडण्यांत आला. हाच कॉम्युटेटर. याचें पुढें सिद्ध झालेलें रूप म्हणजे तांब्याच्या अरुंद पट्ट्या, एक दुसरीस शिवणार नाहीं अशा बेतानें मध्यें अभ्रकाचे पातळ पडदे घालून, गोल रचलेला एक लहानसा ढोल होय. आंसावर गुंडाळलेल्या तारांच्या वेटोळ्यांचीं टोकें या पट्ट्यांस जोडलेलीं असतात. ढोल फिरूं लागला कीं बाहेरच्या स्थिर तुकड्याखालून एकामागून एक पट्टी सरकत जाते, आणि ज्या वेटोळ्याची पाळी असेल त्यांतून वीज आंत जाते किंवा बाहेर येते.

आतां हा स्थिर तुकडा कशाचा करावा? त्या काळच्या कारागिरांनीं जो विचार केला तो आपणांपैकीं कोणीहि केला असता. चांदीच्या खालोखाल तांबें हें विजेचें सर्वांत चांगलें वाहक, ढोलहि तांब्याचाच, तेव्हां तुकडाहि तांब्याचाच असावा. तांब्याच्या बारीक तारांची जुडी बांधून, किंवा पातळ पत्रे एकावर एक ठेवून, तिचें टोंक ढोलावर तिरपें टेंकवीत. ती जुडी कुंच्यासारखी दिसे, म्हणून तिला ‘ब्रश’ हें नांव पडलें. पुढें कुंचा गेला, तारा गेल्या, तरी नांव मात्र राहिलें. आणि आज ज्याला ब्रश म्हणतात त्या चौकोनी काळ्या वडींत केंस किंवा तार औषधालाहि नसते!

तांब्याच्या ब्रशाचे दोष लवकरच पदरीं आले. पहिला दोष असा कीं, एकाच जातीचे दोन धातू एकमेकांवर दाबून घासले म्हणजे ते जागोजाग एकमेकांस चिकटतात व एक दुसऱ्याचे लचके तोडतो. ब्रश झिजे तो झिजेच, पण ढोलावरहि चरे पडत. आणि ब्रश नवा घालतां येतो, ढोल नवा करावयाचा तर सगळें यंत्र उकलावें लागतें. दुसरा दोष ठिणगीचा. तो थोडा समजावून सांगितला पाहिजे.

ढोल फिरत असतां एक क्षण असा येतो कीं, त्या वेळीं ब्रशाखालीं शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदमच असतात. त्या दोन पट्ट्यांस जें वेटोळें जोडलेलें असतें त्याचीं दोन्ही टोकें ब्रशामुळें एकत्र मिळतात, आणि वीज त्या वेटोळ्यांतल्या वेटोळ्यांतच घिरट्या घालूं शकते. नेमक्या याच क्षणीं त्या वेटोळ्यांतील प्रवाहानें आपली दिशा उलट करावयाची असते. ब्रश तांब्याचा असला म्हणजे वाट मोकळी. घिरट्या घालणारा प्रवाह वाटेल तितका वाढतो, आणि पट्टी ब्रशाखालून सुटतांना तो एकदम तुटल्यामुळें तेथें ठिणगी उडते. दर ठिणगीस तांब्याचा एक कण जळतो. म्हणून जुन्या यंत्रांजवळ एक माणूस उभा राही, आणि यंत्रावरील भार वाढेल किंवा घटेल त्याप्रमाणें ब्रश थोडे पुढें किंवा मागें सरकवीत बसे. तिसरा दोष हा कीं, तिरप्या तारांचा कुंचा एकाच दिशेनें फिरणाऱ्या ढोलावर चाले. ढोल उलट फिरविला तर तारा पट्ट्यांत अडकून वांकत.

या अडचणींतून वाट काढली ती जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश विद्वानानें. ग्लासगो येथील अँडर्सन्स कॉलेजांत तो सृष्टिशास्त्राचा अध्यापक होता. त्यानें १८८५ सालीं ब्रश कार्बनाचा, म्हणजे कोळशाच्या जातीच्या पदार्थाचा, करावा असें सुचवून त्याचें पेटंट घेतलें. ज्या प्रकारचा कार्बन ब्रशासाठीं वापरतात त्याचा विजेस होणारा रोध तांब्याच्या हजारपट, आणि कित्येक जातींत त्याहूनहि पुष्कळ अधिक असतो. उत्तम वाहक काढून त्याच्या जागीं इतका निकृष्ट वाहक बसवावयाचा, ही सूचना ऐकणाऱ्यांस विपरीत वाटली असल्यास नवल नाहीं. परंतु गंमत अशी कीं, जो दोष म्हणून सांगितला जातो तोच येथें गुण ठरला. दोन पट्ट्या एकदम ब्रशाखालीं आल्या तरी वाटेंत कार्बनाचा व विशेषतः त्याच्या स्पर्शस्थानाचा रोध आडवा असल्यामुळें घिरट्या घालणाऱ्या प्रवाहास जोर धरतां येत नाहीं. मुख्य प्रवाहाचें मात्र यांत फारसें नुकसान होत नाहीं, कारण स्पर्शाच्या जागीं खर्च होणारा दाब दर ब्रशामागें सुमारें एक व्होल्टच असतो. शेंकडों व्होल्टच्या यंत्रास एक-दोन व्होल्टांचें काय! ठिणगी शमते, माणसानें ब्रश सरकवीत बसण्याचें कारण उरत नाहीं, आणि कार्बनाची गुळगुळीत वडी ढोलावर सरळ उभी टेंकवितां येत असल्यामुळें ढोल उलट फिरला तरी तिला कांहीं होत नाहीं.

हा शेवटचा गुण रस्त्यावरच्या ट्रामगाडीस विशेष उपयोगी पडला, कारण गाडीस मागें-पुढें दोन्हींकडे जावें लागतें. १८८८ सालीं अमेरिकेंत चार्ल्स व्हान डेपूल या मूळच्या बेल्जियन संशोधकानें ट्रामच्या मोटरींत कार्बनाचे ब्रश घातले, आणि तेव्हांपासून विजेच्या गाड्यांचा प्रसार वेगानें झाला. मुंबईंत १९०७ सालीं विजेची ट्राम सुरू झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. १ जून १९३० पासून दख्खनची राणी पुण्या-मुंबईच्या लोकांस ने-आण करूं लागली. त्या काळच्या या सर्व गाड्यांच्या पोटांत तांब्याच्या ढोलावर कोळशाच्या वड्या घासत होत्या. बोरघाटाची चढण चढतांना राणीचें वैभव सर्वांस दिसे. त्या काळ्या वड्यांची झीज कारखान्यांतील कामगारांवांचून कोणास ठाऊक नव्हती.

फोर्ब्सविषयीं एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. नायगाराच्या धबधब्यापासून वीज काढण्याच्या प्रचंड कामांत तो सल्लागार होता, आणि ज्योतिषशास्त्रावरहि त्यानें लेखन केलें. इतकें असून उत्तर आयुष्यांत तो स्कॉटलंडांतील पिटलॉक्री येथें अगदीं बेताच्या स्थितींत राहिला, आणि १९३६ सालीं निवर्तला. जगांतील कोट्यवधि यंत्रें ज्याच्या युक्तीवर फिरत होतीं, त्याचें नांव आज विद्युत्शास्त्राच्या विद्यार्थ्यांसहि क्वचितच माहीत असतें.

कार्बनाचा ब्रश म्हणजे आपल्या शेगडींतील कोळशाचा तुकडा नव्हे. दिव्याची काजळी, दगडी कोळशाचा कोक, ग्रॅफाइट असे पदार्थ बारीक दळून, डांबराच्या जातीच्या चिकट पदार्थांत मळून, दाबून व भाजून त्याच्या वड्या पाडतात. अमेरिकन संशोधक एडवर्ड अॅचिसन यानें विजेच्या भट्टींत कृत्रिम ग्रॅफाइट करण्याच्या कृतीचें पेटंट १८९६ सालीं घेतलें. त्या मार्गानें पुढें वड्या अडीच हजार अंशांहून अधिक उष्णतेंत तापवून त्यांचें ग्रॅफाइट करण्याची रीत पडली. मोठ्या मोटरींत अशाच वड्या असतात. मोटारगाडी सुरू करणाऱ्या मोटरीची गोष्ट निराळी. तेथें बॅटरी अवघी १२ व्होल्टची आणि प्रवाह मात्र शेंकडों अँपिअरचा. दोन ब्रशांनीं दोन व्होल्ट खाल्ले तर मूळ धनाचा सहावा हिस्सा वाटेंतच संपला. म्हणून तेथें ग्रॅफाइटांत तांब्याची भुकटी भरपूर मिसळतात. नाजूक मापनयंत्रांत चांदी मिसळलेलें ग्रॅफाइट घालतात. सारांश, सर्व ठिकाणीं चालेल असा एकच उत्तम ब्रश नाहीं. काम पाहून जात ठरवावयाची.

आतां आमच्या वाचकभगिनींस विशेष मनोरंजक वाटेल असा भाग सांगतों. तांब्याचें भांडें चिंचेनें घासून लख्ख ठेवावें, ही आपल्या घरांतील शिकवण. कॉम्युटेटरच्या बाबतींत ही शिकवण घातक आहे! चांगल्या चालणाऱ्या ढोलावर ब्रशाची वाट तांब्यासारखी लाल चकचकीत नसते. ती बुंदाच्या कॉफीसारखी तपकिरी, मंद तुकतुकीत दिसते. तो मळ नव्हे. तांब्याचा प्राणिद, ग्रॅफाइटाचे सूक्ष्म कण आणि हवेंतील पाण्याची वाफ, या तिहींच्या मिलाफानें तेथें एक अतिशय पातळ पटल तयार होतें, आणि खरें पाहतां ब्रश तांब्यावर न घासतां या पटलावर घासतो. पटल शाबूत असेपर्यंत ढोल जवळजवळ झिजत नाहीं व ब्रशहि फार सावकाश झिजतो. अजाण माणूस यंत्र उघडतो, ‘केवढा हा मळ!’ म्हणून कागदानें खरवडून काढतो, आणि महिन्यांची कमाई दोन मिनिटांत घालवितो. एमरीचा कागद तर वापरूंच नये. त्याचे कठीण कण ब्रशांत रुतून बसतात व पुढें ढोलास ओरबाडीत राहतात.

या पटलांत पाण्याच्या वाफेस किती महत्त्व आहे, हें जगास दुसऱ्या महायुद्धांत प्राणसंकटांतून कळलें. त्या युद्धांत विमानें पूर्वीपेक्षां पुष्कळ उंच, वीस-तीस हजार फुटांवर, उडूं लागलीं. जे ब्रश जमिनीवर शेंकडों तास टिकत, ते त्या उंचीवर थोड्या तासांत, कधीं त्याहूनहि लवकर, काळी भुकटी होऊन संपून जात. ब्रश गेले कीं वीज गेली, आणि त्या उंचीवर विजेवांचून वैमानिकांची काय अवस्था होत असेल याची कल्पनाच करावी.

हवा विरळ म्हणून असें होतें कीं थंडीमुळें होतें, असे तर्क चालले. खरें कारण दोहोंमागें लपलें होतें. थंड हवेंत वाफ मावत नाहीं. ३० अंश उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम वाफ राहूं शकते. उणें ४० अंशांवर सुमारें दशांश ग्रॅम. ब्रशास मात्र निदान दोन ग्रॅम तरी हवी असते. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत रॉबर्ट सॅव्हेज यानें निर्वात पात्रांत ग्रॅफाइट तांब्यावर घासून पाहिलें. तें झपाट्यानें भुकटी होऊं लागलें. पण आंत पाण्याची थोडीशी वाफ सोडतांच झीज जवळजवळ थांबली. त्याचा यासंबंधींचा निबंध १९४८ सालीं प्रसिद्ध झाला.

ग्रॅफाइट हें स्वभावतःच निसरडें आहे, त्याचे थर पोथीच्या सुट्या पानांप्रमाणें एकमेकांवरून घसरतात, असें तोंपर्यंत सर्व मानीत. पानांचें म्हणणें खरें. पण त्या पानांच्या कडा दुसऱ्यास चिकटण्यास उत्सुक असतात, आणि पाण्याचे रेणू त्या कडांवर येऊन बसले तरच तीं सुखानें घसरतात. कोरड्या हवेंत ग्रॅफाइट वंगण राहत नाहीं. यावर उपाय म्हणून ब्रशांत बेरियम फ्लोराइड, मॉलिब्डेनम डायसल्फाइड यांसारखीं द्रव्यें मिसळण्यांत आलीं. यांपैकीं दुसरें द्रव्य मोठें विलक्षण आहे: तेंहि थराथरांचें व निसरडें, पण त्यास दमट हवा मानवत नाहीं, कोरडी किंवा निर्वात जागाच मानवते. म्हणून आज कृत्रिम उपग्रहांच्या सौरपंखांतून वीज आंत आणणाऱ्या फिरत्या कड्यांवर चांदी व हें द्रव्य यांच्या मिश्रणाचे ब्रश वापरतात. ग्रॅफाइट जेथें हात टेंकतें तेथें त्याचा भाऊबंद उभा राहतो, आणि जेथें हा कच खातो तेथें ग्रॅफाइट. पदार्थाची योग्यता तो एकटा कसा आहे यावरून ठरत नाहीं. कोणाच्या जोडीस, कोणत्या हवेंत, कोणतें काम त्याला पडलें आहे यावरून ठरते.

आतां भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर. घरांतील छताचा नेहमीचा पंखा किंवा पाण्याचा पंप यांत सहसा ब्रश नसतात. मिक्सर, भोंक पाडण्याचें यंत्र, शिवणयंत्राची लहान मोटर, धूळ ओढणारें यंत्र यांत बहुधा असतात. मिक्सरमध्यें समोरासमोर दोन वड्या असून प्रत्येकीस मागून एक स्प्रिंग ढोलावर दाबीत असते. वडी झिजून आंखूड झाली कीं स्प्रिंगेचा दाब अपुरा पडतो, वडी नाचूं लागते, ठिणग्या वाढतात आणि यंत्र थांबत-थांबत चालतें. थाप मारल्यावर चालू होणें हें तर याचें ठळक लक्षण. म्हणून यंत्र टाकूं नये. आधीं दोन्ही ब्रश तपासवावे. मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी उरले असतील तर दोन्ही एकदम, आणि त्याच यंत्रासाठीं नेमलेल्या जातीचे, बदलावे. नुसत्या मापाची वडी मिळाली म्हणून दुसऱ्या जातीची बसवूं नये. नवे ब्रश घातल्यावर कांहीं मिनिटें भांड्यांत कांहीं न घालतां यंत्र थांबून थांबून फिरवावें, म्हणजे ब्रशाचें टोंक ढोलाच्या गोलाईस बसतें. यंत्र उघडण्यापूर्वीं प्लग भिंतींतून काढलेला असावा, हें सांगावयास नको, तरी सांगतों.

दोन गोष्टी मात्र ध्यानांत ठेवाव्या. ब्रशाच्या टोंकाशीं थोडी निळी ठिणगी या जातीच्या मोटरींत नेहमींच दिसते. तिला भिऊं नये. पण ठिणगी ढोलाभोंवतीं वाटोळी पळत असेल तर आंतील वेटोळें तुटलें किंवा जळलें आहे असें समजावें. तेथें ब्रश बदलून उपयोग नाहीं. आणि ठिणग्या दिसूं लागल्यावरहि ‘चालतें आहे तोंवर चालूं द्या’ म्हणून यंत्र दामटूं नये. वडी पुरी संपली कीं मागची स्प्रिंगच तांब्यावर घासूं लागते आणि ढोलाची वाट लावते. मग मात्र दुरुस्ती करणाऱ्याचा सल्ला खरा करावा लागतो! थोडक्या पैशांची वडी वेळेवर न बदलल्यामुळें सबंध यंत्र भंगारांत गेल्याचीं उदाहरणें घरोघर सांपडतील.

ब्रशाचा काळ आतां सरत आला आहे, असें कित्येक म्हणतात, आणि त्यांत तथ्य आहे. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरील १,५०० व्होल्टची एकदिश वीज २०१६ सालीं पूर्णपणें गेली, आणि तेथील नव्या गाड्यांच्या मोटरींत ढोल व ब्रश नाहींत. प्रवाह उलटविण्याचें काम आतां इलेक्ट्रॉनिक साधनें करितात. विजेवर चालणाऱ्या बहुतेक मोटारगाड्यांतहि तसेंच आहे. तथापि पुष्कळशा पवनचक्क्यांत आणि वीजकेंद्रांतील कित्येक मोठ्या जनित्रांत फिरत्या कड्यांवर कार्बनाचे ब्रश अजून आपलें काम करीत आहेत.

सहाणेवर चंदनाचें खोड झिजतें, सहाण तशीच राहते. म्हणून खोड कमी प्रतीचें, असें कोणी म्हणत नाहीं. झिजावयाचें कोणीं, हें ठरवूनच ती जोडी जमविलेली असते. यंत्रांतील या काळ्या वडीसहि त्याच न्यायानें पाहावें: ती झिजली म्हणजे बिघडली नव्हे, तिनें आपलें काम केलें. आपलें काम एवढेंच कीं, ती संपण्यापूर्वीं तिच्या जागीं दुसरी ठेवावी.